एका छावणीच्या दोन वस्त्या

कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत वळिवडे गाव आहे आणि त्याला लागूनच गांधीनगर. कापडाच्या घाऊक खरेदीसाठी दुकानदार जिथे येतात ते गांधीनगर सिंधी निर्वासितांनी उभे केले, हे कोल्हापुरात बहुतेकांना ठाऊक असते. सिंधी कुटुंबे ज्या बराकींत उतरली त्या मुळात त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या, हे मात्र तितकेसे ठाऊक नसते. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. ती गेली आणि सिंधी आले. एकाच दशकातल्या दोन उलथापालथींत घरदार गमावलेल्या दोन समाजांना त्याच भिंतींनी आसरा दिला. जागा तीच, छपरे तीच, माणसे आणि व्यवस्था मात्र वेगळी, अशी जोडी इतिहासात क्वचित हाती लागते. ती तपासून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. निर्वासितांच्या निवाऱ्याचे पुढे काय होते, हे छपराच्या दर्जापेक्षा तीन प्रश्नांवर ठरत आले आहे: जमीन कुणाची, खर्च कुणाचा आणि रोजचा कारभार कुणाच्या हाती? यातला तिसरा प्रश्न मदत करणारे बहुधा सगळ्यात शेवटी विचारतात.

पोलिश माणसे कोल्हापुरापर्यंत आली कशी, हे समजल्याशिवाय या तीन प्रश्नांचे महत्त्व कळत नाही. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत संघानेही पोलंडवर आक्रमण केले आणि पूर्वेकडचा भाग बळकावला. पुढच्या दीड-दोन वर्षांत तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जून १९४१मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा लंडनमधले परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. कैदेतले पोलिश सुटले आणि त्यांतले काही, त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या जनरल अँडर्सच्या सैन्याबरोबर, १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. सैनिक पुढे आघाडीवर गेले. मागे उरले त्यांचे कुटुंबीय आणि अनाथ मुले. इराणात अन्नाची टंचाई होती, रशियाला रसद पोहोचवण्याचा मार्गही तोच होता, म्हणून ब्रिटिशांनी या नागरिकांना पूर्व आफ्रिका, भारत, न्यूझीलंड आणि मेक्सिको असे पांगवले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली ती १९४२मध्येच. वळिवड्याची छावणी तिच्यापेक्षा कितीतरी मोठी होती.

ही कथा आपल्याकडे राजाच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते. बालाचडीच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. कोल्हापूरच्या बाबतीत अडचण अशी, की छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४०मध्येच निवर्तले होते. त्यांच्यामागे दत्तक घेतलेले छत्रपती वयाने अगदी लहान असल्याने संस्थानाचा कारभार रीजन्सीकडे होता. वळिवड्याला जे घडले ते एका उदार मनाचे काम नव्हते, तो सरकारी कचेऱ्यांनी जुळवून आणलेला व्यवहार होता. जागा कोल्हापूर संस्थानातली, देखरेख हिंदुस्थान सरकारची, खर्चाची जबाबदारी लंडनच्या पोलिश सरकारची. मुंबईतले पोलिश कॉन्सुल जनरल युजेनियुश बानाशिन्स्की यांची कचेरी या सगळ्यांतला दुवा. यात कुणाच्या कळवळ्याला कमी लेखायचे नाही. पण पाच हजार माणसांना पाच वर्षे सांभाळायला नुसता कळवळा पुरला नसता. कुणाचे काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे आधीच ठरलेले होते म्हणून गाडा चालला.

छावणीतला रोजचा कारभार पोलिशांच्याच हाती होता. छावणीप्रमुख पोलिश, शाळांतले शिक्षक पोलिश, शिकवण्याची भाषा पोलिश. चर्च होते, दवाखाना होता, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा होत्या, नाटके होत, बालवीरांची पथके होती, सहकारी तत्त्वावरची दुकाने होती. कुटुंबागणिक वेगळी जागा होती. मायदेशी परतलो तर मुलांचे शिक्षण तुटलेले नसावे, हा शाळांमागचा हिशेब होता. वरच्या व्यवस्थेला मोठा हादरा बसला तेव्हा या घडीची परीक्षा झाली. जुलै १९४५मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधले पोलिश सरकार एका दिवसात कायद्याच्या नजरेत नाहीसे झाले. म्हणजे छावणीचा खर्च देणाराच उरला नाही! तरीही छावणी कोसळली नाही. आधी ब्रिटिशांनी नेमलेल्या तात्पुरत्या समितीकडे, मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे आणि १९४७मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे, असा खर्चाचा भार सरकत गेला. परत जायचे की नाही यावरून तीव्र ताण होता, कारण बहुतेकांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती आणि कम्युनिस्ट पोलंडात जायला ते तयार नव्हते. पण शाळा भरत राहिल्या. पुढे बरेच जण ब्रिटनला गेले, काही इतर देशांत, आणि १९४८च्या सुरुवातीला छावणी रिकामी झाली.

वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत सिंधी आले, पण सिंध्यांच्या निवाऱ्याची सरकारी व्यवस्था कशी होती हे पाहायचे तर कल्याणकडे वळावे लागते. डिसेंबर १९४७मध्ये सिंधमधल्या हैदराबादेत आणि ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगली झाल्या. त्यानंतर सिंधी हिंदू कराची बंदरातून बोटी भरभरून मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागले. मुंबई सरकार गोंधळले. शहरात आधीच जागेची टंचाई होती, धान्य रेशनवर होते. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्करी छावणी रिकामी पडली होती, तिथे दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. निर्वासितांना तिकडे धाडण्यात आले. पाच भागांत विभागलेल्या या छावणीत सुमारे ९४ हजार माणसे कोंबली गेली. लांबलचक बराकींत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांच्या ‘खोल्या’ पाडल्या होत्या. शौचकूप सामायिक, पाण्याला रांगा. त्याच सुमारास मुंबई सरकारने केलेल्या निर्वासितविषयक कायद्याने नोंदणी सक्तीची केली आणि निर्वासितांच्या हालचालींवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. नाव नोंदवणे हा मदतीचा पहिला टप्पा असतो, इथे तो पहाऱ्याचाही पहिला टप्पा झाला. कागदोपत्री समन्वय होता. केंद्राचे पुनर्वसन खाते होते, प्रांतिक सरकार होते, छावणीचे अधिकारी होते. निर्वासितांचा आवाज मात्र मोर्चे, अर्ज आणि चोइथराम गिडवानींसारख्या नेत्यांच्या भाषणांतूनच वर पोहोचत असे. कारभाराच्या टेबलाशी त्याला जागा नव्हती.

यावर साहजिक आक्षेप असा की ही तुलनाच अन्यायाची आहे. पाच हजार कुठे आणि ९४ हजार कुठे! शिवाय पोलिश हे दोस्त राष्ट्राचे नागरिक होते, गोरे होते आणि त्यांच्या मागे पैसे देणारे सरकार होते. आक्षेपाचा दुसरा भाग मी पूर्णपणे मान्य करतो. १९४२मध्ये ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या लाखो हिंदी माणसांच्या वाट्याला त्याच राजवटीने काय दिले, हे पाहिले तर कातडीचा रंग किती मोलाचा होता हे कळते. वळिवड्याला व्यवस्था लागत होती त्याच १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर भुकेने मरत होती, हेही विसरून चालणार नाही. पण आक्षेपाचा पहिला भाग, आकड्याचा, पुराव्यावर टिकत नाही. संख्येमुळे पहिल्या काही महिन्यांचे हाल समजू शकतात, नंतरच्या वर्षांची दशा समजत नाही. सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी दिल्लीजवळ फरीदाबाद वसवायचे ठरले, तेव्हा घरे ठेकेदाराकडून बांधून घेण्याऐवजी निर्वासितांनी स्वतःच बांधायची असा आग्रह कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनने धरला. त्यासाठी नेमलेल्या मंडळाच्या बैठकींना नेहरू स्वतः हजर राहत. ज्यांना बांधकामाची ओळखही नव्हती त्या लोकांच्या सहकारी संस्थांनी तिथे घरे उभी केली. दुसरे उदाहरण तर सिंध्यांचेच. भाई प्रताप यांनी १९४८मध्ये सिंधू रीसेटलमेंट कॉर्पोरेशन काढली, कच्छच्या महारावांकडून १५ हजार एकर जमीन मिळवली आणि कांडला बंदराच्या आधाराने गांधीधाम वसवायला घेतले. विस्थापित समाजच तिथे भागधारक होता. म्हणजे कल्याणच्या बराकींत रांगेत उभे केलेले लोक आणि गांधीधाम आखणारे लोक एकाच मातीतले होते. फरक पडला तो कारभाराच्या मांडणीने.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वळिवड्याची शिस्त टिकली याचे एक कारण असे, की पोलिशांना इथे राहायचेच नव्हते. ती छावणी उपजीविकेसाठी कोल्हापूरच्या बाजारपेठेवर अवलंबून नव्हती, बाहेरच्या पैशावर जगत होती. तिला कधी गाव व्हावे लागले नाही. याउलट सिंध्यांना परतीचा रस्ता नव्हता, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून धंदा सुरू केला: पापड, लोणची, कापडाचे तुकडे, लोकलमध्ये फेरीने विकायच्या वस्तू. सरकारी डोळ्यांना जी बेशिस्त वाटे तीच पुढे कल्याण छावणीच्या जागी झालेल्या उल्हासनगरचा उद्योग आणि गांधीनगरची बाजारपेठ झाली. तेव्हा आदर्श छावणी म्हणून वळिवड्याकडे बोट दाखवणे फसवे ठरेल. मला त्या छावणीचे घेण्यासारखे वाटते ते इतकेच, की आतले निर्णय आतल्या माणसांनी घेतले आणि बाहेरचे खर्चाचे मालक तीनदा बदलले तरी त्या आतल्या घडीला धक्का लागला नाही. सिंध्यांना ती मुभा सरकारने दिली नाही. त्यांनी ती बाजारात स्वतः कमावली.

मात्र बाजारातून जमिनीची मालकी मिळत नाही. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण छावणीच्या जागी नव्या नगराची कोनशिला बसली आणि जवळच्या नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे नगर झाले, तरी बराक ज्याच्या ताब्यात आहे त्याचा तिच्यावर हक्क काय, याचा निकाल लागायला वेळ गेला. १९५४च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसन कायद्याखाली सरकारी मालमत्ता निर्वासितांच्या दाव्यांपोटी देण्याची वाट मोकळी झाली, सनदा निघू लागल्या. पण दरम्यान कुटुंबे वाढली होती, बराकींना पडव्या फुटल्या होत्या, पडव्यांवर मजले चढले होते. लष्कराच्या गरजेसाठी आखलेल्या नकाशावर लाखो माणसांचे शहर उभे राहिले, आणि कोणत्या भिंतीपर्यंत सनद अन् कुठून अतिक्रमण, हे सांगणे नगरपालिकेलाही जड गेले. २००५मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ८५५ बेकायदा इमारती पाडायची वेळ आली, तेव्हा राज्य सरकारने खास उल्हासनगरपुरता नियमितीकरणाचा कायदा केला, २००६ साली. बिल्डर आणि राजकारणी यांच्या संगनमताला यात मोठा वाटा आहे, हे कुणी नाकारणार नाही. तरी त्या संगनमताला जागा कुणी दिली, याचा शोध घेत गेलो तर वाट १९४८च्या त्या निर्णयापाशी पोहोचते. ‘तात्पुरते’ म्हणून माणसे आत ठेवली आणि जमिनीचा प्रश्न नंतरसाठी ठेवला.

निवारा-मदतीचा समन्वय हा स्वतंत्र विषय म्हणून जगाने ओळखला तो बराच उशिरा. १९७१मध्ये पूर्व बंगालमधून जवळपास एक कोटी माणसे भारतात आली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तांना सगळ्या संस्थांचा ‘केंद्रबिंदू’ नेमले. भारत सरकारने मात्र छावण्यांचा कारभार आपल्या हातात घट्ट धरला, आणि तो निर्णय व्यवहारी होता, कारण बांबू, ताडपत्री, रेल्वे आणि जिल्हाधिकारी सगळे त्याच्याकडेच होते. पुढे २००५च्या सुमारास प्रत्येक कामासाठी पुढाकार घेणारी संस्था आधीच ठरवून देणारी ‘क्लस्टर’ पद्धत आली. निवाऱ्याच्या कामात संघर्षामुळे विस्थापित झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा निर्वासित उच्चायोग पुढाकार घेणार आणि नैसर्गिक आपत्तीत रेडक्रॉसचा आंतरराष्ट्रीय महासंघ, अशी वाटणी ठरली. दरडोई साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हे किमान प्रमाण त्याआधीच मदतसंस्थांच्या स्फिअर प्रकल्पाने घालून दिले होते. कल्याणच्या बराकी त्या मापाने मोजल्या असत्या तर काय निघाले असते, याचा अंदाज करायला गणित लागत नाही.

पण मोजमाप आणि वाटणी यांनी जुना तिढा सुटलेला नाही. ऑगस्ट २०१७पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला आले. तिथे संस्था भरपूर होत्या, बैठका होत्या, नकाशे होते, ताडपत्र्यांचा हिशेब चोख होता. यजमान सरकारची भूमिका अशी की ही माणसे परत जाणार आहेत, म्हणून पक्के बांधकाम नाही. त्यामुळे बांबू आणि प्लास्टिक यांपलीकडे फारसे जाता आले नाही, आणि वस्तीभोवती काटेरी तारांचे कुंपण घातले गेले. २२ मार्च २०२१ला बालुखाली भागात आग लागली. दाटीवाटीच्या झोपड्यांतून ती वाऱ्यासारखी पसरली, कुंपणामुळे पळणाऱ्यांची वाट अडली आणि सुमारे ४५ हजार माणसे पुन्हा बेघर झाली. बांबूच्या वस्तीतला आगीचा धोका निवाऱ्याचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांना नवा नव्हता. पक्की भिंत बांधायची परवानगी त्यांच्याकडे नव्हती, आणि आत राहणाऱ्यांनी ती मागावी असे टेबलही कुठे मांडलेले नव्हते.