पांढरा कागद, गुलाबी कागद

जून २०२४ मध्ये महाराष्ट्राने लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि नोव्हेंबरात त्याच महाराष्ट्राने विधानसभेच्या २८८ पैकी २३० च्या वर जागा महायुतीला दिल्या. तेव्हापासून आमच्या घरच्या गप्पांत एक प्रश्न हटकून येतो : साडेपाच महिन्यांत माणसं एवढी बदलतात?

मला दर वेळी १९९९ आठवतं. तेव्हा साडेपाच महिने सोडाच, साडेपाच मिनिटंही मध्ये नव्हती. लोकसभा आणि विधानसभा दोन्हींचं मतदान एकाच दिवशी, एकाच केंद्रावर. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. १९६७ नंतर महाराष्ट्रात असं झालं ते ही एकच वेळ.

थोडी उजळणी करतो, कारण भाचरांपैकी निम्मी तेव्हा जन्मलीही नव्हती :-) १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. मे महिन्यात सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढल्याबद्दल शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांना काँग्रेसने काढलं आणि १० जूनला राष्ट्रवादीचा जन्म झाला. त्याच सुमारास कारगिल पेटलं. इकडे राज्यात युतीचं सरकार होतं, नारायण राणे मुख्यमंत्री. विधानसभेची मुदत २००० सालापर्यंत होती, पण समोर काँग्रेस दुभंगलेली आणि वाजपेयींचं नाव जोरात. तेव्हा दोन्ही निवडणुका एकदमच उरकू, म्हणून विधानसभा आधीच बरखास्त केली. हिशेब कागदावर अगदी चोख होता.

माझं नाव तेव्हा अजून आजोळच्या यादीत होतं, कराडजवळ. ५ आणि ११ सप्टेंबर अशा दोन टप्प्यांत महाराष्ट्राचं मतदान झालं, गणपती बसायच्या आधीच. मी कुणाला मत दिलं ते सांगणार नाही. दोन कागदांवर दोन वेगळ्या चिन्हांवर शिक्के मारले, एवढं कबूल करतो. तसं करणारा मी एकटा नव्हतो हे निकालावरून कळलंच.

पण गाव दोन वेगळ्याच गोष्टींत वाटलं गेलं होतं : हात आणि घड्याळ. कराड म्हणजे यशवंतरावांचं कराड, काँग्रेसचं माहेरघर. तिथे एका घरात एकच चिन्ह असायचं, त्यावर चर्चा करायची वेळच कधी आली नव्हती. त्या वर्षी थोरले मामा हाताकडे राहिले, धाकटे घड्याळाकडे गेले. धाकट्यांचं म्हणणं, साहेबांनी एवढी वर्षं पक्ष उभा केला आणि दिल्लीने त्यांना काय दिलं? थोरल्यांचं म्हणणं, ज्या घरात खाल्लं ते घर फोडायचं नसतं. बोलता बोलता पक्षाचं घर कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं हेच कळेनासं झालं. ऑगस्टपासून दोघांचं बोलणं बंद. उसाची पाळी, सोसायटीचं काम, सगळे निरोप मामींमार्फत.

६ ऑक्टोबरला मोजणी सुरू झाली. कराड लोकसभेत काँग्रेसचे पृथ्वीराज चव्हाण पडले, राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील आले. आणि त्याच लोकसभेच्या पोटातल्या कराड दक्षिण विधानसभेत काँग्रेसचे विलासकाका उंडाळकर नेहमीसारखे निवडून आले. म्हणजे सकाळी धाकट्या मामांनी गुलाल लावायचा आणि संध्याकाळी थोरल्यांनी! (दोघांनीही लावला.)

राज्यातही तोच घोळ, फक्त मोठ्या मापाचा. लोकसभेच्या ४८ पैकी शिवसेना १५, भाजप १३, म्हणजे युतीच्या २८. विधानसभेत मात्र युती १२५ वरच थांबली. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. बहुमताला १४५ हवे, कुणाकडेच नाहीत. सगळीकडे एकच सूर ऐकू येत होता : मराठी मतदार हुशार, त्याने दिल्ली वाजपेयींना दिली आणि मुंबई काढून घेतली.

खरंच दिली का पण? आकडे काढून बघा. लोकसभेला युतीची मतं सुमारे ३८ टक्के. काँग्रेसची जवळजवळ ३० आणि राष्ट्रवादीची साडेएकवीस, मिळून ५१. त्या ५१ टक्क्यांना १६ जागा आणि ३८ टक्क्यांना २८! विधानसभेला युती ३२ टक्क्यांच्या जवळ घसरली; काँग्रेस-राष्ट्रवादी मिळून तेव्हाही पन्नाशीच्या आसपासच. म्हणजे शंभरातल्या सहा जणांनी युतीला पांढऱ्या कागदावर होय म्हटलं आणि गुलाबी कागदावर बंडखोर, अपक्ष किंवा आणखी कुणी निवडला. मतदाराला दिल्ली आणि मुंबई वेगळी कळते, हे या सहा जणांवरून मी मान्य करतो. पण जागांची एवढी उलथापालथ झाली ती मुख्यतः हात आणि घड्याळ एकमेकांची मतं खात होते म्हणून. त्याला 'जनतेचा कौल' म्हणणं मला तेव्हाही जड गेलं आणि आजही जातं. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचं विधेयक लोकसभेत आलं तेव्हा बाजूचे आणि विरोधातले दोघेही धरूनच चालले होते की एका दिवशी मतदान झालं की एकच लाट दोन्हीकडे लागते. त्यांच्यापैकी कुणीतरी १९९९ चा महाराष्ट्र काढून बघायला हवा होता.

१३ ऑक्टोबरला दिल्लीत वाजपेयींचा शपथविधी झाला. मुंबईत मात्र बोलणी चालूच. शेवटी १८ तारखेला विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि छगन भुजबळ उपमुख्यमंत्री, म्हणजे हात आणि घड्याळ एका मांडवात. परदेशी जन्माचा मुद्दा कुठे गेला कोण जाणे. युतीच्या मतदाराला निदान राग कुणावर काढायचा ते ठाऊक होतं. पण ज्यांनी हाताला पाडायला घड्याळावर शिक्का मारला होता, त्यांनी कुणाकडे बघायचं? आमच्या वाड्यात त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. शपथविधीने पक्ष जुळले, मामांचं बोलणं सुरू झालं ते पुढच्या उन्हाळ्यात, एका लग्नाच्या निमित्ताने. तेही राजकारण वगळून.

२००४ मध्ये राष्ट्रवादीच्या ७१ जागा आल्या, काँग्रेसच्या ६९, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसलाच. नोव्हेंबर २०१० मध्ये तर खुद्द पृथ्वीराजच मुख्यमंत्री झाले, राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर. थोरल्या मामांनी गावभर पेढे वाटले. धाकट्यांनी दोन घेतले आणि म्हणाले, "लोकसभेला आम्ही पाडलेत हो यांना, विसरू नका."