नेत्रशुष्कतेवरील आर्द्र शेक

अश्रूंचे प्रमाण घटल्यामुळे किंवा त्यांचा कस उणावल्यामुळे डोळ्यांत जळजळ, खुपणे, जडपणा व मधूनमधून अंधुक दिसणे ही लक्षणे उद्‌भवतात. ती कमी करण्यासाठी मिटलेल्या पापण्यांना गरम ओल्या कापडाने, वाफेने किंवा तत्सम साधनाने जी उष्णता दिली जाते, तिला आर्द्र शेक म्हणतात. हा उपचार घरगुती व अतिप्राचीन आहे. मात्र तो डोळ्याच्या नेमक्या कोणत्या भागावर व कसा परिणाम करतो, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. शेक व शुष्कता या दोन्ही गोष्टी वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होत्या; त्यांचा परस्परसंबंध मात्र फार उशिरा जुळला. या विलंबाची किंमत अनेक रुग्णांना मोजावी लागली.

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा काही मायक्रोमीटर जाडीचा पातळ पापुद्रा असतो. त्यात स्वच्छमंडलालगत श्लेष्मल द्रव्य, त्यावर जलीय भाग आणि सर्वांत बाहेर तैलस्तर अशी रचना ब्रिटिश नेत्रशारीरविद यूजीन वुल्फ यांनी १९४६ मध्ये वर्णिली. आज श्लेष्मल व जलीय भाग एकमेकांत मिसळलेले मानले जातात. तैलस्तराचे महत्त्व मात्र कायम आहे. हा स्तर मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असून त्याच्यामुळे खालच्या पाण्याचे बाष्पीभवन मंदावते. त्यातील तेल पापण्यांच्या आत उभ्या ओळीत मांडलेल्या ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत अशा सु. २५ ते ४० व खालच्या पापणीत सु. २० ते ३० ग्रंथी असतात. पापणीची उघडझाप झाली की त्या दाबल्या जाऊन कडेवरील बारीक छिद्रांतून तेलाचा अंश बाहेर पडतो [⟶ डोळा].

भारतीय वैद्यकात डोळ्याच्या बाबतीत उष्णतेचा वापर जपूनच सांगितला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात वृषण, हृदय व नेत्र या ठिकाणी स्वेदन मृदू करावे किंवा करूच नये, असा दंडक आहे. इतर शरीराला घाम आणताना डोळे स्वच्छ वस्त्राने, गव्हाच्या कणकेच्या गोळ्याने अथवा कमळाच्या पानांनी झाकून घ्यावेत, असेही तेथे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन असून त्यांतील शुष्काक्षिपाक या रोगात पापण्या रुक्ष व कठीण होतात, डोळा उघडणे कष्टाचे होते व दृष्टी गढूळते. आधुनिक नेत्रशुष्कतेशी त्याचे साम्य अनेकांनी दाखविले आहे. मात्र या साम्याच्या आधारे सुश्रुतांना आजचा शेक ठाऊक होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कारण शुष्काक्षिपाकात त्यांनी परिषेकासाठी सैंधवयुक्त थंड दूध सांगितले आहे. त्याखेरीज घृतपान, नस्य व तर्पण हे उपचारही त्यांनी दिले आहेत. तर्पणात डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करून कोमट पाण्याच्या आधाराने पातळ केलेले तूप पापण्यांचे केस बुडेपर्यंत ओततात. वातविकारात ते एक हजार मात्रा उच्चारण्याइतका वेळ ठेवावे, असा नियम आहे. येथे भर उष्णतेपेक्षा स्नेहावर आहे.

पापणीच्या खऱ्या शेकाचा उल्लेख त्याच ग्रंथात अन्यत्र आढळतो. पापणीच्या ज्या रोगांत आतील पृष्ठभाग खरवडावा लागतो, त्यांत डाव्या हाताचा अंगठा व बोट यांनी पापणी उलटी करून धरावी आणि सोसवेल अशा गरम पाण्यात तापविलेल्या वस्त्राने ती शेकावी, मग लेखन करावे, असा तेथे विधी आहे. ऊतके मऊ करण्यासाठी ओल्या कापडाची उष्णता थेट पापणीला द्यावयाची, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. ती शुष्कतेसाठी नाही, एवढाच फरक. पण तो महत्त्वाचा आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने आपल्या वैद्यकग्रंथाच्या सहाव्या भागात डोळ्यांच्या कोरड्या दाहाची नोंद केली आहे. या विकारात डोळे सुजत नाहीत व गळत नाहीत. ते लाल व जड होतात, दुखतात आणि रात्री चिकट स्रावाने चिकटतात. पापण्यांच्या कडांचा जुनाट दाह असलेला रुग्ण आजही जवळपास याच तक्रारी सांगतो. सेल्ससने त्यावर भरपूर चालणे, व्यायाम, वारंवार स्नान व स्नानगृहात घाम गाळणे हे उपाय सुचविले. उष्ण व दमट हवेत बसलेल्या त्या रोमन रुग्णाच्या पापण्यांतील तेल थोडेफार वितळत असले पाहिजे. परंतु ते कोणाच्या ध्यानी येणे शक्य नव्हते. या रोगाला ग्रीकांनी दिलेले ‘झेरॉप्थॅल्मिया’ हे नाव आधुनिक वैद्यकात अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या नेत्रविकारासाठी रूढ झाले आहे. त्या विकारात शेकाचा काही उपयोग होत नाही आणि त्यावर विसंबून जीवनसत्त्व देण्यास उशीर केल्यास बालकाची दृष्टी कायमची जाऊ शकते. नामसाम्यामुळे होणारा हा घोटाळा टाळणे अगत्याचे आहे.

१६६६ मध्ये हेल्मश्टेट येथील जर्मन वैद्य हाइन्रिख माइबोम (१६३८–१७००) यांनी पापण्यांतील ग्रंथींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून या ग्रंथी माइबोमीय ग्रंथी म्हणून ओळखल्या जातात. ग्रंथींना नाव मिळाले, तरी त्यांच्या स्रावाचा अश्रूंशी असलेला संबंध पुढे जवळजवळ तीन शतके दुर्लक्षित राहिला. १९२१ मध्ये अमेरिकन नेत्रवैद्य गिफर्ड यांनी जुनाट नेत्रदाहात या ग्रंथींचा वाटा दाखवून दिला. पण त्याचाही फारसा प्रभाव पडला नाही.

या मधल्या काळात शेक मात्र रुग्णालयांत सर्रास दिला जात होता. लाकडी चमच्याच्या टोकाला कापूस व पट्टी गुंडाळून तो वाफाळत्या पाण्यात बुडवावयाचा आणि मिटलेल्या डोळ्याजवळ धरावयाचा, ही रीत नेत्रवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत व परिचारिकांच्या शिक्षणात प्रदीर्घ काळ टिकून होती. महाराष्ट्रातील घरांत बोरिक कापसाचा शेक परिचयाचा झाला. रांजणवाडी, पापणीवरील गाठ किंवा बुबुळाचा दाह ही त्याची नेहमीची निमित्ते असत. कोरड्या डोळ्यांची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला तो सहसा सांगितला जात नसे.

याचे एक कारण नेत्रशुष्कतेचा अभ्यास ज्या दिशेने गेला, त्यात आहे. १९०३ मध्ये ओटो शिर्मर यांनी शोषक कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे मोजण्याची परीक्षा प्रचारात आणली. १९३३ मध्ये स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक शेग्रेन यांनी आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी १३ जणींना संधिशोथही होता. या मौलिक कार्यामुळे अश्रुग्रंथींच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले गेले. परंतु त्याबरोबरच कोरडा डोळा म्हणजे पाण्याची तूट, असे समीकरणही रुजले. पट्टी पुरेशी भिजली की डोळा निरोगी ठरे. कृत्रिम अश्रूंचे थेंब घालूनही ज्यांची जळजळ थांबत नसे, त्यांच्या तक्रारीला परीक्षेचा दुजोरा मिळत नसे आणि पुष्कळदा ती तक्रारच संशयास्पद मानली जाई. परीक्षा चुकीची नव्हती. ती केवळ पाणी मोजत होती.

तैलस्तराचे कार्य प्रयोगाने प्रथम सिद्ध केले ते साइइची मिशिमा व डेव्हिड मॉरिस यांनी. सशाच्या डोळ्यावरील तैलस्तर काढून टाकल्यास बाष्पीभवन अनेक पटींनी वाढते, असे त्यांनी १९६१ मध्ये दाखविले. मानवी डोळ्यात तैलस्तर नसल्यास किंवा तुटक असल्यास बाष्पीभवन सु. चौपट होते, असे पुढे १९९७ मध्ये क्रेग व टॉमलिन्सन यांना आढळले. १९७७ मध्ये मॅककली व सियालिस यांनी माइबोमीय ग्रंथींच्या बिघाडाने स्वच्छमंडलाला होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. १९८० मध्ये डोनाल्ड कोर्ब व आन्तोनिओ एन्रिकेस यांनी स्पर्शभिंगे न सोसणाऱ्या रुग्णांच्या या ग्रंथींची तोंडे घट्ट स्रावाने व मृत पेशींनी बुजलेली दाखविली. शेक व दाब यांनी ती मोकळी केली असता रुग्णांना आराम पडला. शेक व शुष्कता यांचा खरा मेळ येथे बसला. पुढे २०१२ मध्ये लेंप व सहकाऱ्यांनी वर्गीकरण केलेल्या १५९ नेत्रशुष्कता-रुग्णांपैकी ८६ टक्क्यांत ग्रंथींच्या बिघाडाची चिन्हे आढळली; केवळ पाण्याची तूट असलेले फक्त २३ होते.

शेकाची क्रिया आता स्पष्ट आहे. निरोगी स्राव पापणीच्या नेहमीच्या तापमानाला पातळ असतो. बिघडलेल्या ग्रंथीतील स्राव मेणासारखा घट्ट होतो व त्याचा द्रवणांक वाढतो. तो वितळण्यासाठी पापणीच्या आतील बाजूस सु. ४०° से. तापमान गाठून ते काही मिनिटे टिकवावे लागते. वरवर सोपी वाटणारी ही अट साधे कापड क्वचितच पुरी करते. २००८ मधील एका अभ्यासात ४५° से. तापमानाचे कापड दर दोन मिनिटांनी बदलत राहिल्यावरच आतील तापमान पुरेसे चढले. याउलट, बहुतेक रुग्ण एकदा भिजविलेले कापड निवेपर्यंत डोळ्यांवर ठेवतात आणि शेकाने गुण येत नाही, असे सांगतात. पद्धतशीर शेकाचा लाभ मात्र लवकर दिसतो. २००३ मध्ये ओल्सन, कोर्ब व ग्रायनर यांनी पाच मिनिटांच्या शेकानंतर तैलस्तराची जाडी ८० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे नोंदविले. शेकानंतर वरची पापणी खाली व खालची वर अशी कडेच्या दिशेने हलकेच चोळल्यास सैल झालेले तेल बाहेर येते.

कापडाच्या मर्यादेतून पुढे अनेक साधने निघाली. जपानमध्ये उबदार दमट हवेची व अवरक्त किरणांची उपकरणे २००० नंतरच्या दशकात अभ्यासली गेली. लोहचूर्णाच्या ऑक्सिडीकरणाने उष्णता व वाफ देणारे एकदाच वापरावयाचे नेत्रपट्टेही तेथे लोकप्रिय झाले. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेले ‘लिपिफ्लो’ हे उपकरण पापणीला आतून सु. ४२.५° से. उष्णता देते व बाहेरून १२ मिनिटे स्पंदित दाब देते. ते परिणामकारक आहे, पण महागही आहे. नियमित व योग्य रीतीने दिलेल्या साध्या शेकाला ते पूर्णपणे पर्याय ठरते, असे म्हणता येत नाही. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय नेत्रशुष्कता कार्यशाळेच्या अहवालातही शेक व पापण्यांची स्वच्छता यांना उपचाराच्या पहिल्याच पायरीवर स्थान आहे.

शेक ओला असावा की कोरडा, हा वाद मिटलेला नाही. ओलसर उष्णता त्वचेला चांगली भिडते आणि कडेवरील खपल्या मऊ करते. मात्र शेक संपल्यावर ओल्या त्वचेवरील पाणी उडून जाताना ती पुन्हा लवकर थंड होते. रेइको अरिता व सहकाऱ्यांना २०१५ मध्ये पापणी न भिजविणारी साधने या दृष्टीने सरस वाटली. शेकानंतर पापण्या लगेच टिपून कोरड्या केल्यास हा दोष पुष्कळसा टळतो.

संगणक व भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी व अर्धवट होते, त्यामुळे ग्रंथी पुरेशा दाबल्या जात नाहीत. म्हणून हा विकार आता तरुणांतही वाढत्या प्रमाणात आढळतो. वर्षानुवर्षे तुंबलेल्या ग्रंथी झिजून नष्ट होतात आणि नष्ट झालेल्या ग्रंथीवर शेकाचा उपाय चालत नाही. त्यामुळे तो वेळीच सुरू करणे इष्ट असते. तथापि शेक देताना डोळ्याच्या गोलावर दाब पडल्यास स्वच्छमंडलाचा आकार तात्पुरता बदलून दृष्टी धूसर होते. ज्यांचे स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे आलेले आहे किंवा ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय शेक घेऊन चोळू नये. अधिहर्षतेमुळे डोळ्यांना खाज सुटत असेल, तर उष्णतेने ती वाढते. अशा वेळी थंड पट्टी हितकर ठरते. कापड प्रत्येकाचे स्वतंत्र व प्रत्येक वेळी धुतलेले असावे. एकच कापड घरातील सर्वांच्या डोळ्यांना लावण्याच्या सवयीने खुपरी हा रोग पसरत असे. सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले. पण त्याच्या जुन्या व्रणांनी ग्रंथी गमावलेले वृद्ध रुग्ण नेत्रशुष्कतेची तक्रार घेऊन अजूनही येतात, आणि त्यांना शेकापेक्षा कृत्रिम अश्रूंचाच आधार घ्यावा लागतो.