‘ती घरीच असते’: जनगणनेच्या कागदावरून हरवलेल्या स्त्रिया

१/ जनगणनेच्या तक्त्यातून स्त्री दोन प्रकारे हरवू शकते. कधी तिची नोंदच होत नाही. कधी नोंद होते, पण तिचे काम कोणी लिहीत नाही. भारताने दोन्ही अनुभवले आहे. त्याविषयी हा थ्रेड. #जनगणना #इतिहास

२/ १८८१ पासून भारतात दर दहा वर्षांनी देशव्यापी जनगणना होऊ लागली. प्रगणक दाराशी येई आणि उत्तरे बहुधा घरातील कर्ता पुरुष देई. परक्यासमोर घरच्या स्त्रियांची नावे उच्चारणे अनेक कुटुंबांत अप्रशस्त मानले जाई. म्हणून वसाहतकालीन सूचनांत एक सवलत होती: नाव सांगण्यास हरकत असल्यास नुसते ‘स्त्री’ असे लिहावे.

३/ निदान संख्या तरी चुकू नये, हा त्यामागचा हेतू. पण जे घर नाव सांगत नाही, ते लग्नाच्या वयाची मुलगीही लपवत असेल काय, ही शंका जनगणना अधिकाऱ्यांना सतत छळत राहिली.

४/ शंका गंभीर होती, कारण आकडे गंभीर होते. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १९०१ मध्ये ९७२, १९५१ मध्ये ९४६ आणि १९७१ मध्ये ९३०. या उरलेल्या स्त्रिया गेल्या कुठे? मोजायच्या राहिल्या, की जगल्याच नाहीत?

५/ इथेच खरी मेख आहे. न मोजलेली स्त्री आणि अकाली मेलेली स्त्री कागदावर अगदी सारखीच दिसते. जोवर ‘मोजणीत चूक झाली असेल’ असे म्हणता येते, तोवर मृत्यूंचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

६/ लोकसंख्याशास्त्रज्ञ प्रवीण विसारिया यांनी १९६१ च्या जनगणनेवरील प्रबंधात हा प्रश्न तपासला. निष्कर्ष असा की, केवळ मोजणीतील त्रुटींनी ही तूट स्पष्ट होत नाही. स्त्रियांचा अधिक मृत्युदर हेच मुख्य कारण. पुढे स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ च्या ‘समानतेकडे’ या अहवालात घटते लिंग गुणोत्तर ठळकपणे मांडले.

७/ आता दुसरे हरवणे. १९६१ मध्ये हंगामी कामात हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती ‘कामगार’ ठरत होती. १९७१ मध्ये आधी ‘मुख्य काम कोणते?’ असे विचारले गेले. परिणाम: कामगार स्त्रियांची संख्या सुमारे ६ कोटींवरून सुमारे ३ कोटींवर आली!

८/ दहा वर्षांत निम्म्या स्त्रियांनी खुरपे खाली ठेवले नव्हते. बदलली होती ती व्याख्या. ‘ती काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर आले की पेरणी, निंदणी, गुरांचे वैरणपाणी हे सारे ‘घरकामा’त जमा होई.

९/ स्त्री-अभ्यासकांनी आणि संघटनांनी यावर आवाज उठवला. १९९१ मध्ये कामाविषयीच्या प्रश्नातच शेतातील वा कौटुंबिक व्यवसायातील विनामोबदला काम धरावे, असे शब्द घालण्यात आले. स्त्रियांच्या कामातील सहभागाचा दर १९८१ च्या १९.७ टक्क्यांवरून २२.३ टक्क्यांवर गेला. वाढ माफक होती. प्रश्न सुधारला, तरी उत्तर देणारा बहुधा तोच राहिला.

१०/ आता पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे. शिवाय २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने संसद व विधानसभांतील महिला आरक्षणाची अंमलबजावणीही जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली.

११/ म्हणून प्रगणक दाराशी येईल, तेव्हा आई, आजी, वहिनी यांना पुढे बसू द्या. त्यांचे नाव, शिक्षण आणि काम त्यांनाच सांगू द्या. उद्याचा इतिहासकार हेच तक्ते उघडेल, आणि ‘घरीच असते’ या दोन शब्दांमागे काय दडले होते, हे त्याला सांगायला तेव्हा कोणी उरलेले नसेल.