कनक राजू

कनक राजू (मृत्यू २५ ऑक्टोबर २०२४). राजगोंडांच्या गुस्साडी नृत्याचे गुरू. तेलंगणातील उटनूरच्या डोंगरपट्ट्यात 'गुस्साडी राजू' याच नावाने परिचित. गाव मारलवाई, मंडल जैनूर. हा सारा मुलूख पूर्वी आदिलाबाद जिल्ह्याचा. २०१६च्या जिल्हा फेररचनेत उटनूर तिथेच राहिले आणि जैनूर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले.

गुस्साडी : दिवाळीच्या सुमारास गोंड गावांतून दंडारी नाचाचे ताफे निघतात, एका गावचे दुसऱ्या गावी पाहुणे जातात. ताफ्याचे खरे आकर्षण म्हणजे गुस्साडी नर्तक. डोक्यावर मोरपिसांचा घेरदार टोप, त्याला शिंगे. नकली दाढीमिशा, खांद्यावर जनावराचे कातडे, उघड्या अंगाला राख, हातात दंड. बघणाऱ्याला हे सोंग वाटेल, पण गोंडांच्या लेखी तो एत्मासूर देवाचा संचार आहे. दंडारीचे व्रत संपेपर्यंत गुस्साडी अंघोळ करत नाही. त्याच्या दंडाचा स्पर्श झाला की दुखणे पळते, अशी श्रद्धा असल्याने आजारी माणसांना त्याच्यापुढे आणतात. कोलाबोडीच्या विधीने दंडारीची सांगता होते. गोदावरीकाठच्या गुडिरेवूची पद्मलपुरी काको ही या काळातली महत्त्वाची देवी.

राजगोंडांच्या पूर्वजांच्या कथा त्यांचे परंपरागत भाट, परधान, गातात, कीकरी या तंतुवाद्याच्या साथीने. या भागातले परधान घरी मराठी बोलतात आणि यजमानांच्या कुळकथा मात्र गोंडीत सांगतात. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी इकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

मारलवाई : मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी एलिझाबेथ १९४०च्या दशकात इथे राहिले. निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमरम भीम जोडेघाटला मारले गेल्यानंतरचा हा काळ. निजाम सरकारच्या गोंड शिक्षण योजनेतले शिक्षक प्रशिक्षण केंद्र इथेच निघाले. गोंडीची पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. हायमेनडॉर्फ यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. बेटी यांची समाधी गावात आहे. हायमेनडॉर्फ यांच्या लेखनामुळे गावाविषयी लिखित साधने विपुल आहेत. नर्तकांविषयी त्या मानाने तुटपुंजी.

कार्य : १९८०च्या दशकाच्या आरंभी दिल्लीत, प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने, इंदिरा गांधींसमोर राजूंच्या पथकाने गुस्साडी सादर केले. दिल्लीत व्रत नसते, दुखणेकरीही नसतो; उरतो तो टोप आणि ताल. अशाने नृत्याचा देवधर्म सुटतो का, याविषयी मतभेद आहेत. राजूंनी मात्र सरकारी कार्यक्रमांत नाच केला आणि गावची दंडारीही चालू ठेवली. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या उपक्रमातून त्यांनी तरुणांना शिकवले. हे काम दिल्लीच्या कार्यक्रमाहून मोठे मानावे लागेल, कारण गुस्साडीची लेखी संहिता नाही; पावले गुरूकडूनच घ्यावी लागतात.

सन्मान : पद्मश्री (कला), २०२१.

दिवाळी आठवड्यावर आली असताना मारलवाईत निधन. अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले.