पांडुपत्रतेचा पूर्वेतिहास

परसातील लिंबाची वाढ खुंटली व पालवी फिकटली, म्हणजे या पांडुपत्रतेचे निदान करण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत पानांची पांडुरता आणि अंकुरांची अवृद्धी या लक्षणांचे कारण थंडी, वारा व ऊन यांत शोधले, आणि वृक्षांमध्ये वीस हातांचे अंतर उत्तम ठरवून, मुळे परस्परांत गुंतल्यास फळ नीट धरत नाही, असेही बजावले.

हिंगोलीच्या मुलखातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र या व्याधीचे मूळ पुष्कळदा मातीतच असते. लोह विपुल असूनही चुन्यामुळे ते मुळांना अप्राप्य होते. फ्रान्समध्ये युसेब ग्री याने १८४० च्या दशकात लोहक्षारांनी फिकट पाने पुन्हा हिरवी करून दाखविली, तेव्हा या विकाराचे रहस्य प्रथम उलगडले.

कोवळे पान पिवळे व शिरा हिरव्या, तर लोहाची उणीव. जुनी पाने आधी पिवळी, तर नत्राची. आणि पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबले असेल, तर दोष खताचा नसून निचऱ्याचा. चुनखडीत टाकलेला हिराकस हा लोहक्षार लवकरच निष्प्रभ होतो, म्हणून त्याची सौम्य फवारणी पानांवर करावी व मातीला शेणखत द्यावे. परीक्षेवाचून केलेला उपचार हा वृक्षावरील अन्यायच होय.