विचारावे कोणाला?

माणूस मन मोकळे करण्यासाठी परक्याच्या दारी का जातो? इतिहासातील एक प्रसंग पाहा. १९३५ साली इंग्लंडमध्ये चॅड वारा या तरुण धर्मगुरूंनी १४ वर्षांच्या एका मुलीचा दफनविधी केला. ऋतुप्राप्तीलाच भयंकर रोग समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणीच नव्हते!

१९५३ साली लंडनच्या आपल्या चर्चमध्ये दूरध्वनी ठेवून त्यांनी दुःखितांना साद घातली. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांचे ऐकून घेत. कित्येकांचे मन तेवढ्यानेच हलके होई. 'समॅरिटन्स' ही संस्था यातूनच वाढली.

पालकहो, आपल्या मुलांना ऐकून घेणारे माणूस प्रथम घरातच मिळावे. विद्यार्थी मित्रांनो, शंका मनात कोंडू नका, निःसंकोच विचारा.