श्रोणिभंगातील श्वासपटलाची इजा

भरधाव वाहनाची धडक बसून किंवा उंचावरून पडून श्रोणीचे, म्हणजे कटीचे, अस्थिवलय मोडते, तेव्हा त्याच आघाताने उदरातील दाब एकाएकी वाढून छाती व उदर यांना विभागणारे श्वासपटल फाटण्याचाही संभव असतो. उजवीकडे यकृताचा आश्रय असल्याने ही फाट बहुधा डावीकडे पडते. श्वासागणिक छातीत निर्माण होणारा ऋण दाब जठर व आतडी तिच्यातून वर ओढीत राहतो, आणि म्हणून ती आपोआप भरून येत नाही.

म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र इस्पितळासारख्या, महामार्गावरील जखमी दाखल होणाऱ्या कोणत्याही रुग्णालयात मोडलेली कटी व तिचा रक्तस्राव प्रथम नजरेत भरतो, हे स्वाभाविकच होय. परंतु त्यामुळे छातीकडे दुर्लक्ष होणे घातक ठरते. आरंभीचे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. कृत्रिम श्वसनयंत्राचा धन दाब अवयवांना खालीच थोपवून धरतो, यास्तव यंत्र काढल्यावर पुन्हा चित्र घेऊन खातरजमा करावी. नाकावाटे जठरात सोडलेली नळी छातीत वळलेली दिसली, तर निदान जवळजवळ निश्चित होते. रक्तदाब स्थिर असल्यास सीटी स्कॅन करावा. संशय उरल्यास दुर्बिणीतून उदर पाहावे. छातीत चढलेले जठर म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेली हवा, असा समज होऊन ती काढण्यासाठी घाईने छातीत नळी घातली तर जठरच भोसकले जाते. म्हणून आधी बोटाने चाचपणे अत्यावश्यक.

इलाजात रक्तस्रावाला अग्रक्रम आहे : मांडीच्या हाडांच्या वरच्या उंचवट्यांवर श्रोणिपट्टा आवळावा, रक्त द्यावे, प्रसंगी रक्तवाहिनी आतून बंद करावी. नंतर उदर उघडून अवयव खाली घ्यावेत, ते सजीव असल्याचे पाहावे, आणि न विरघळणाऱ्या टाक्यांनी फाट शिवावी. श्रोणीतील गोठलेले रक्त मात्र उदरातून उघडू नये. जुन्या फाटीत अवयव छातीस चिकटतात, तेव्हा छातीच्या मार्गाने जावे लागते, व फाट रुंद असल्यास जाळी बसवावी लागते.

राहून गेलेली फाट पुढेही जिवावर बेतू शकते. आंब्रवाझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने १५७९ मध्ये नोंदविलेला सेनाधिकारी गोळीच्या जखमेतून वाचला होता. पण श्वासपटलातील, करंगळीचे टोकच जेमतेम मावेल एवढ्या छिद्रात मोठे आतडे अडकून काही महिन्यांनी तो दगावला. कटी मोडून बऱ्या झालेल्या माणसास पुढे वांत्या, धाप किंवा जेवणानंतर छातीत कळ सुरू झाली, तर त्याने तो जुना अपघात डॉक्टरांना आवर्जून सांगावा.